मासळीच्या पिकअपचा सायलेन्सर

गॅरेजात नवा पोऱ्या आला की त्याच्या वाट्याची कामं ठरलेली असतात. ग्रीसिंग, चाकं खोलणं, चहा आणणं आणि सायलेन्सर. शेवटचं काम त्याला मिळतं, कारण गंजाची पूड डोळ्यांत घ्यायला जुन्यांपैकी कुणालाच गाडीखाली शिरायचं नसतं. आयटीआयचा मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड करून मी रत्नागिरीत कामाला लागलो, तेव्हा मनात होतं इंजिन उघडायचं. हातात आली मिरकरवाड्यावरून मासळी वाहणारी जुनी डिझेल पिकअप. ती नाक्यावर असली तरी आम्हाला गॅरेजात कळायचं, एवढा आवाज. पुढच्या आठवड्यात तिचं पासिंग, म्हणजे आरटीओची फिटनेस तपासणी, होतं.

मेस्त्रींनी गाडी रात्रभर आमच्याकडेच ठेवून घेतली. लीक शोधायचा तर इंजिन गार पाहिजे, हे मला तेव्हा कळलं. पाईप तापले की लोखंड फुगतं आणि बारीक फटी आपोआप बंद होतात. सकाळी त्यांनी गाडी चालू केली आणि मला हातमोजा घालून टेल पाईपच्या तोंडावर कापडाचा बोळा क्षणभर दाबायला लावला. धुराला मागून वाट मिळाली नाही की तो जिथून फुटायचं तिथून फुटतो. फुस्स फुस्स तीन ठिकाणांहून ऐकू आलं. एका जोडावर काळ्या काजळीचा ओघळही होता. कान चुकला तरी काजळी चुकत नाही.

मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने पुढून मागे ठोकत गेलो. चांगला पत्रा टणटण वाजतो, संपलेला भद्द वाजतो. इंजिनजवळचा पाईप टणटणत होता. सायलेन्सरच्या डब्याच्या बुडाशी आवाज बसला, म्हणून स्क्रूड्रायव्हर उलटा करून टोक लावलं, तर ते सरळ आत गेलं.

मागचाच भाग का सडला, हे मेस्त्रींनी मलाच विचारलं. मला वाटलं खारा वारा. ते अर्धंच उत्तर होतं. डिझेल जळताना धुराबरोबर पाण्याची वाफही बाहेर पडते. लांबच्या फेरीत सगळी लाईन तापते आणि ती वाफ उडून जाते. पण पिकअपवाल्या चाचांची ही गाडी बंदर ते बाजार, बाजार ते बंदर अशी दोन-चार किलोमीटरचीच धावायची. पुढचा पाईप तापायचा, मागचा डबा कोमट राहायचा. वाफेचं पाणी डब्यातच साचायचं आणि पत्रा आतून खायचं. बाहेरून हौद्यातलं बर्फाचं मीठपाणी त्याच डब्यावर ठिबकत होतंच. गाडी काय वाहते आणि किती लांब जाते, हे विचारल्याशिवाय आता मी सायलेन्सरला हात लावत नाही.

चाचा म्हणाले, "एक ठिगळ मार की. पासिंगपुरतं चाललं पाहिजे."

मेस्त्री म्हणाले, "ठिगळ कशाला चिकटवू चाचा, गंजाला?"

खरंच होतं. पातळ पत्र्यावर वेल्डिंगची तार टेकवली की भोक बुजायच्या ऐवजी मोठं होतं. शिवाय धूर केबिनमध्ये शिरत असेल तर त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास. ड्रायव्हरला वाटतं झोप आली. शेवटी फ्लँजपासून, म्हणजे पाईप नट-बोल्टांनी जोडणाऱ्या कडीपासून, मागचं सगळं नवं टाकायचं ठरलं.

आता खोलायचं काम. नवं बसवायला तासभर पुरतो, जुनं काढायला किती लागेल ते गंज ठरवतो. आदल्या रात्री फ्लँजच्या नटांवर डिझेल सोडून ठेवलं होतं. सकाळी मी रिंग पाना लावला, तो बारा कोनांचा. गंजून बारीक झालेल्या नटावर तो घसरला आणि नटाचे कोपरे गेले. दुसऱ्या नटाला मी पान्यात पाईप घालून जोर लावला. कट्‌ असा आवाज झाला. मला वाटलं सुटला. स्टड, म्हणजे नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा, तुटला होता.

मेस्त्री ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "वाईच घट्ट कर आधी." कोपरे गेलेल्या नटावर त्यांनी सहा कोनांची गोटी (सॉकेट) ठोकून बसवली, पाव फेराही नाही इतकं घट्ट दिशेला हलवलं, मग उलट, पुन्हा घट्ट, पुन्हा उलट. गंजाची पकड अशी हलवून मोडायची असते. तोही अडला तेव्हा नट गॅसवर लालसर होईपर्यंत तापवला, जरा काळा पडू दिला आणि मेणबत्तीचा तुकडा टेकवला. मेण वितळून आट्यांत ओढलं गेलं. दोन मिनिटांनी नट हाताने फिरावा तसा आला. तुटलेल्या स्टडवर नवा नट ठेवून आतून वेल्ड मारला. त्या उष्णतेनेच स्टड ढिला झाला आणि नटाबरोबर बाहेर आला. या दोन नटांत दुपारची जेवणाची वेळ गेली.

आग लावायच्या आधी काय केलं तेही सांगतो, कारण आयटीआयच्या पेपरात हे लिहून मार्क मिळवलेले आम्ही गॅरेजात सर्रास विसरतो. गाडी नुसत्या जॅकवर नव्हती, खाली घोड्या लावल्या होत्या. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची तार काढली. आग आणि डिझेलची नळी-टाकी यांच्या मध्ये पत्रा आडवा धरला. गॉगल मात्र मी घातला नव्हता. संध्याकाळपर्यंत डोळा लाल झाला.

नवा सायलेन्सर हातात घेतला तर बुडाला बारीक भोक. मी कामसू माणूस, लगेच वेल्डिंगचा होल्डर मागितला. सगळं गॅरेज हसलं. ते भोक साचलेलं पाणी निघून जायला असतं. बसवताना ते खालीच आलं पाहिजे, आणि बुजवलंत तर पुढच्या पावसाळ्याआधीच डबा सडवायची सोय केलीत.

बसवताना नवशिक्याची ठरलेली चूक म्हणजे एकेक जोड आवळत मागे जाणं. मग शेवटचा पाईप चासीला टेकतो आणि सगळं पुन्हा खोलावं लागतं. आम्ही आधी सगळं सैल लटकवलं. पॅकिंग नवं, नट-बोल्ट नवे, सायलेन्सरचे रबरही नवे. रबर आकड्यात चढत नाही म्हणून ग्रीस लावू नका, तेलाने रबर फुगतं. साबणाचं पाणी पुरतं. मग पाईप हलवून सगळीकडे जागा सुटली का ते पाहिलं, कारण चालू होताना इंजिन डुलतं आणि त्याबरोबर पाईपही. डिझेलच्या नळीपासून पाईप लांब हवा. केंद्रीय मोटर वाहन नियमांत हे अंतर किमान 35 मिलिमीटर दिलं आहे. टेल पाईपचं तोंड मागे किंवा उजवीकडे. डावीकडे नको, तिकडे रस्त्याच्या कडेची माणसं असतात. एवढं झाल्यावर पुढून मागे आवळत आलो, आट्यांना तांब्याचं ग्रीस लावून.

स्वस्तात पाईप बनवून देतो म्हणणारे नळाचा जीआय पाईप वापरतात. त्याच्या नादी लागू नका. त्यावरचं जस्त वेल्डिंगमध्ये धूर होऊन छातीत जातं आणि रात्री थंडी वाजून ताप भरतो. आणि हा सगळा अनुभव जुन्या गाडीचा आहे. एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 (धुराच्या प्रदूषणाचा निकष) डिझेल गाडीला याच लाईनमध्ये काजळी अडवणारा फिल्टर आणि सेन्सर असतात. तिथे ग्राइंडर घेऊन खाली शिरू नका.

या धंद्यात यायचं असेल तर दहावीनंतर आयटीआयचा एक वर्षाचा डिझेल मेकॅनिकचा ट्रेडही आहे. पण कोर्स चालू असतानाच संध्याकाळी कुठल्या तरी गॅरेजात जा आणि सायलेन्सर मागून घ्या. तुटलेला स्टड काढता आला की मेस्त्री तुम्हाला इंजिनपाशी येऊ देतात. मला त्यानंतर दोन महिन्यांनी येऊ दिलं.

संध्याकाळी गाडी फिरवून आणली, गरम असतानाच फ्लँज पुन्हा एकदा तपासला, एक नट थोडा आणखी आवळला गेला. चाचांना चावी दिली. दुसऱ्या दिवशी ते परत आले, कपाळावर आठ्या.

"काय केलंस रे? खालून टकटक येतेय."

मी खाली शिरलो. सायलेन्सर जागच्या जागी होता. इंजिनची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस (सांधा) गेला होता, कधीचाच. आधी तो ऐकू येत नव्हता.