संत्र्याच्या रसासाठी छोटा सेल्फ प्रायमिंग पंप घेताना या चुका टाळा

वरुड, मोर्शी, काटोल आणि नरखेड या संत्रापट्ट्यात बाजारात भाव न मिळालेल्या लहान फळांचा रस किंवा स्क्वॅश करणारे बचत गट आणि शेतकरी कुटुंबे आहेत. पन्नास-साठ लिटरच्या गंजातून (मोठ्या पातेल्यातून) गरम रस मगाने उपसून बाटल्यांत भरणे कष्टाचे असते आणि धोक्याचेही, त्यामुळे लवकरच छोट्या सेल्फ प्रायमिंग पंपाचा, म्हणजे नळीतली हवा स्वतःच बाहेर काढून द्रव वर आणणाऱ्या पंपाचा, विचार सुरू होतो. दुकानात गेल्यावर मात्र पहिला प्रश्न किती हॉर्सपॉवरचा आणि दुसरा प्रश्न किती उंच फेकतो, एवढाच विचारला जातो. खरे पाहता या कामात पंप फसतो तो फेकण्याच्या बाजूला क्वचित आणि ओढण्याच्या बाजूला बहुतेक वेळा, म्हणून निवड करताना आधी द्रव कोणता, किती गरम आणि पंपाच्या किती खाली आहे, हे ठरवून घ्यावे.

सर्वांत मोठी चूक म्हणजे घरातल्या टाकीसाठी मिळणारा अर्ध्या हॉर्सपॉवरचा मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकत्र असलेला पंप) रसाला जोडणे. तो स्वस्त असतो, तालुक्याच्या प्रत्येक दुकानात मिळतो आणि कित्येक मीटर खालून पाणी ओढतो, हे सगळे खरे आहे. पण त्याची बॉडी बिडाची आणि आतला पंखा बहुधा पितळेचा असतो. संत्र्याचा रस चांगलाच आंबट असतो, त्यामुळे त्यात लोह उतरते आणि त्याला धातूची चव येते. पितळेतील तांब्याचे अंश तर अत्यल्प असले तरी रसातील क जीवनसत्त्वाचा ऱ्हास वेगाने घडवून आणतात. रसाला लागणारा प्रत्येक धातूचा भाग स्टेनलेस स्टीलचाच हवा आणि तसे लिहून मिळाल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

रबराच्या भागांकडे त्याहूनही कमी लक्ष जाते. संत्र्याच्या सालीतले तेल रसात उतरते आणि त्यातील लिमोनीनमुळे साधे रबर तसेच ईपीडीएम हे कृत्रिम रबर फुगते. पाण्यावर वर्षानुवर्षे टिकणारा डायफ्राम (पुढे-मागे हलून द्रव ढकलणारा पडदा) किंवा व्हॉल्व्ह (द्रव एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) मग एका हंगामातच सैल पडतो. व्हिटॉन (विशेष रबर) किंवा टेफ्लॉन (प्लास्टिकचा प्रकार) या तेलाला चांगले टिकतात. दुकानदाराला सीलचे मटेरियल सांगता येत नसेल, तर तो पंप रसासाठी घेऊ नये.

फवारणीच्या पंपातून काढलेला बॅटरीवरचा डायफ्राम पंप धुऊन वापरावा, असा सल्ला गावात सहज मिळतो. तो कधीही मानू नये. कीटकनाशकाचे अंश रबरात मुरतात आणि कितीही धुतले तरी ते पूर्ण गेले याची खात्री घरी करता येत नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून झालेल्या विषबाधेने शेतमजुरांचे जीव गेले, हे आपल्या भागात कोणाला सांगावे लागू नये.

आता उष्णतेचा मुद्दा, कारण सर्वाधिक तक्रारी येथेच येतात. थंड पाण्यावर उत्तम चालणारा पंप गरम रसावर नुसता घुरघुरतो आणि लोक तो बिघडला म्हणून परत करतात. पंप द्रव ओढत नसतो, तर तो नळीत पोकळी तयार करतो आणि बाहेरच्या हवेचा दाब द्रवाला वर ढकलतो. समुद्रसपाटीला ही मर्यादा तत्त्वतः सुमारे १०.३ मीटर असते आणि थंड पाण्यावर प्रत्यक्षात सहा-सात मीटर मिळाले तरी पुष्कळ झाले. ९० अंश सेल्सिअसला मात्र पाण्याची स्वतःची वाफ त्या दाबाचा बहुतेक भाग व्यापते, त्यामुळे नागपूरच्या उंचीवर तत्त्वतः पावणेतीन-तीन मीटर उरतात. त्यातून नळीतील घर्षण आणि पंपाची स्वतःची गरज वजा केली, की मीटरभराचाही भरवसा राहत नाही. यावर जास्त हॉर्सपॉवरचा पंप हा उपाय नाही. गंज उंच ओट्यावर ठेवावा, पंप त्याच्या खाली बसवावा आणि रस उतारानेच पंपात येऊ द्यावा. अशी मांडणी शक्य असेल, तर सेल्फ प्रायमिंग पंपाची गरजच उरत नाही आणि धुण्यास सोपा असा चुंबकीय जोडणीचा (मोटर चुंबकाच्या ओढीने पंखा फिरवते असा) छोटा पंप पुरेसा ठरतो. हंडे किंवा पिंप खाली ठेवून वरूनच रस काढायचा असेल, तेव्हाच सेल्फ प्रायमिंगसाठी जास्त पैसे मोजावेत आणि तोही रस शक्यतो थंड असताना काढावा.

पंप चालू आहे पण द्रव येत नाही, अशा वेळी आधी ओढणारी नळी तपासावी. फेकणारी नळी गळली तर जमीन ओली होते, पण ओढणारी नळी गळली तर बाहेर थेंबही दिसत नाही. ती उलट हवा आत घेते. बाटलीत अकारण फेस दिसणे हे त्याचे पहिले लक्षण आहे आणि त्या हवेने रसाचा रंग व जीवनसत्त्व दोन्ही जातात. प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावण्यापेक्षा नळीचे तोंड पाण्याने भरलेल्या पारदर्शक भांड्यात बुडवून पंप चालवावा आणि पंपातून बाहेर पडणाऱ्या पारदर्शक नळीत बुडबुडे येत राहतात का ते पाहावे. मऊ नळी गरम झाली की चपटी होते, म्हणून ओढण्याच्या बाजूला आतून तार असलेली, अन्नासाठीची जाड नळी लावावी. नळी उगाच लांबही नको: २५ मिलीमीटर आतील व्यासाच्या तीन मीटर नळीत जवळपास दीड लिटर हवा असते आणि ती आधी बाहेर काढावी लागते.

सेल्फ प्रायमिंग सेंट्रीफ्यूगल (फिरत्या पंख्याने द्रव फेकणाऱ्या) पंपाची बॉडी पहिल्यांदा पाण्याने भरावीच लागते, कारण त्याच पाण्यात हवा मिसळून तो ती बाहेर टाकतो. कोरडा चालला तर त्याचे सील थोड्याच वेळात तापून तडकते. डायफ्राम पंप कोरडे चालणे बऱ्यापैकी सोसतो, परंतु त्याचे छोटे व्हॉल्व्ह चोथ्याच्या एका तंतूनेही उघडे राहतात. अशा पंपाच्या ओढण्याच्या बाजूला जाळी लावावी आणि ती दर घाण्यानंतर धुवावी.

स्क्वॅशसाठी लागणाऱ्या साखरेच्या पाकाबाबत एवढेच, की ४० टक्के साखरेचा पाक २० अंशांना पाण्याच्या सुमारे सहापट घट्ट असतो आणि ६० टक्क्यांचा पन्नासपटींहून अधिक. लेबलवरील प्रवाह पाण्यासाठी असतो, म्हणून पाकावर तो कमीच मिळतो, शिवाय सर्वाधिक हेड (फेकण्याची उंची) आणि सर्वाधिक प्रवाह एकाच वेळी कधीच मिळत नाहीत. पन्नास लिटर पाच मिनिटांत उपसायचे असतील, तर मिनिटाला दहा लिटर लागतात. तेवढा प्रवाह आपल्या उंचीला मिळतो का, हे पंपासोबतच्या उंची-प्रवाहाच्या आलेखावर पाहावे.

खेड्यातील वीजदाबही हिशेबात धरावा. २३० ऐवजी १८० व्होल्ट आले, तर इंडक्शन मोटरचा जोर जवळपास साठ टक्क्यांवर येतो, त्यामुळे ती सुरूच होत नाही किंवा तापून जळते. भरणी अर्ध्यावर असताना वीज जात असेल, तर बॅटरीवर चालणारा १२ व्होल्टचा पंप अधिक सोयीचा.

धुण्याचे काम रात्रीवर ढकलू नये, कारण साखर सीलच्या फटीत वाळून कडक होते आणि दुसऱ्या दिवशी पंप चालू करताच सील ओरबाडले जाते. आधी कोमट पाणी, मग धुण्याचे द्रावण, मग पुन्हा भरपूर पाणी, असा क्रम ठेवावा. ब्लीचिंग पावडरचे पाणी पंपात रात्रभर ठेवले, तर क्लोराइडमुळे स्टेनलेस स्टीलला बारीक खड्डे पडतात. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतील खारपाणपट्ट्यात (खाऱ्या भूजलाच्या पट्ट्यात) तर विहिरीच्या पाण्यातच क्लोराइड जास्त असते. तेथे ३०४ ऐवजी ३१६ प्रतीचे स्टील घ्यावे आणि शेवटची धुलाई गोड्या पाण्याने करून पंप उघडा वाळू द्यावा.