फुप्फुसाचा कॅन्सर: हळद-मोहरी किती घ्यायची, सदाफुलीला का शिवायचं नाही

हळदीतलं कुरकुमिन किंवा कोबी-मुळा-मोहरीतली आयसोथायोसायनेटं (तिखट झणका देणारी द्रव्यं) यांनी कॅन्सरचं पसरणं मंदावतं, हे प्रयोगशाळेतल्या पेशींत आणि उंदरांत दिसलं आहे. रुग्णात ते सिद्ध झालेलं नाही. म्हणून उपचार चालू ठेवून, जेवणाच्या मापातच घ्या.

हळद दिवसाला अर्धा ते एक चहाचा चमचा, तीही तेलाच्या फोडणीत. कुरकुमिन पाण्यात विरघळत नाही. वर्धा जिल्ह्यातल्या वायगावची, जास्त कुरकुमिनची, मिळाली तर चांगलंच. मात्र भडक पिवळी सुटी पूड नको, तिच्यात शिशाचा रंग असू शकतो. हळकुंडांनाही तो चोळतात, म्हणून ओळखीच्या शेतकऱ्याकडून बिनपॉलिशची घेऊन दळा.

कोबी चिरून अर्धा तास तसाच ठेवा, मग तीन-चार मिनिटं वाफवा. चिरल्यावर त्यातलं एन्झाइम आयसोथायोसायनेटं तयार करतं, आणि भाजी गाळ शिजवली की ते मरतं. तसं झालंच तर उतरवल्यावर कच्च्या मोहरीची चिमूटभर पूड घाला, तिच्यातही तेच एन्झाइम असतं. फोडणीतल्या मोहरीचा इथे उपयोग नाही. केमो चालू असताना कच्चा पाला किंवा त्याचा रस नको, संसर्गाची भीती असते.

खरी गडबड हळदीच्या गोळ्या-कॅप्सूलांत होते. चमचाभर हळदीत कुरकुमिन 100 मिलिग्रॅमच्या आसपास, कॅप्सूलमध्ये बहुधा 500, वर मिऱ्यातलं पायपरिन. पायपरिनमुळे कुरकुमिन रक्तात कितीतरी जास्त उतरतं, पण यकृतात औषधं मोडण्याचं कामही मंदावू शकतं. जेफिटिनिब, एर्लोटिनिब या फुप्फुसाच्या कॅन्सरच्या गोळ्या तिथेच मोडतात. त्यांचं रक्तातलं प्रमाण वाढलं तर पुरळ, जुलाब बळावतात. अशा कॅप्सूलनं यकृताला सूज आल्याचीही उदाहरणं आहेत. या औषधांवर पपनसही टाळा. नागपुरी संत्रं जेवणाच्या मापात चालतं.

गाजरातल्या बीटा-कॅरोटिनच्या गोळ्या तर बिडी-सिगारेट ओढणाऱ्यानं घेऊच नयेत. फिनलंडच्या चाचणीत (1994) रोज 20 मिलिग्रॅम घेणाऱ्या धूम्रपींत फुप्फुसाचा कॅन्सर 18 टक्के जास्त आढळला. गाजर खा, गोळी नको.

अंगणातल्या सदाफुलीचा काढा कुणीतरी सुचवतंच. विनोरेलबिन हे फुप्फुसाच्या कॅन्सरचं इंजेक्शन तिच्याच अल्कलॉइडपासून बनतं, हे खरं. पण ते शरीराच्या क्षेत्रफळावर मोजून, रक्त तपासून शिरेतून देतात. पानात किती विष आहे हे घरी मोजता येत नाही. ते जास्त झालं तर पांढऱ्या पेशी घसरतात, हातापायांना मुंग्या येतात, आतड्यांची हालचाल मंदावते.

बायोप्सी किंवा शस्त्रक्रियेआधी दोन आठवडे हळदीच्या कॅप्सूल बंद, रक्तस्राव वाढू शकतो. नागपूर किंवा सेवाग्रामला तपासणीला जाताना वैदूची पुडीसुद्धा पिशवीत घ्या आणि डॉक्टरांपुढे ठेवा.