रुईच्या झाडासमोर एक तास बसायचं कसं आणि बघायचं काय

कोण कोणाच्या जिवावर जगतं हे बघायला ताडोबालाच जायला पाहिजे असं काही नाही, रस्त्याच्या कडेला, पडीक प्लॉटवर, रुळांशेजारी रुई असतेच, शनिवारी मारुतीला जिच्या पानांचा हार घालतो तीच. सकाळी ऊन चढायच्या आत जा, पावसाळा सरत आला असेल तर फारच भारी, एक भिंग घ्या आणि फोन, बस.

आधी एक सांगते, पान तोडू नका. पांढरा चीक विषारी असतो, डोळ्यात गेला तर डोळ्याला खरंच इजा होते, त्यामुळे बरोबर पोरं असतील तर निघतानाच बजावून ठेवा आणि हाताला लागलाच तर लगेच साबणाने धुवा. हा चीक लक्षात असू द्या, पुढचं बरंचसं त्याच्याभोवतीच फिरतं.

सुरुवात कोवळ्या शेंड्यांपासून करा. तिथे पिवळाधमक मावा, म्हणजे झाडाचा रस शोषणारे बारीक किडे, चिकटलेला असतो आणि त्याच्यावर मुंग्यांची ये-जा चालू असते, भिंग लावून एकाच मुंगीवर नजर ठेवा, ती मिशांनी माव्याच्या पाठीवर टकटक करते आणि मग त्याच्या मागून गोड रसाचा थेंब येतो तो पिऊन टाकते. बदल्यात ती राखण करते. लेडीबर्ड बीटल किंवा तिची काळी खरबरीत अळी मावा खायला आली की मुंग्या अंगावर धावून जातात, हे बघायला पंधरा-वीस मिनिटं हलायचं नाही, घाई करणाऱ्याला फक्त "झाडावर कीड पडलीय" एवढंच दिसतं. माव्यात एखादा फुगलेला, तपकिरी, कडक झालेला दिसला तर तो मेलाय, त्याच्या आत एका बारीकशा गांधीलमाशीचं पिल्लू वाढत होतं किंवा अजून वाढतंय.

मग पानं खालून बघा, पण न मुरगाळता, नुसतं वाकून. टाचणीच्या डोक्याएवढं पांढरं अंडं असेल तर ते बहुतेक प्लेन टायगर फुलपाखराचं. त्याची अळी काळी-पांढरी-पिवळी पट्ट्यांची, अंगावर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या, आणि ती चिकाचं विष पचवून स्वतःच्या अंगात साठवते म्हणून पक्षी तिला आणि पुढे त्या फुलपाखरालाही टाळतात. कधी कधी ती आधी पानाची शीर कुरतडते, चीक वाहून जाऊ देते आणि मग निवांत खाते! याच फुलपाखराची हुबेहूब नक्कल डॅनेड एगफ्लायची मादी करते, तिच्यात विष नसतं, नुसत्या रंगावर निभावते. निळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा मोठा टोळ दिसला तर तोही रुई खाणाराच, त्याला चिमटीत धरू नका, त्याची पिल्लं डिवचली तर घाण द्रवाची पिचकारी मारतात.

फुलं मात्र शेवटी, कारण तिथे भुंग्याची वाट बघावी लागते. तोच तो मोठा काळा, घूं घूं करत येणारा, माणसाला उगाच काही करत नाही. रुईचे परागकण सुटे नसतात, त्यांच्या छोट्या पिवळ्या पिशव्या असतात, भुंगा फुलावर मध प्यायला बसला की त्याचा पाय खाचेत जातो, ओढून काढताना पिशवी अडकून येते आणि पुढच्या फुलाच्या खाचेत बसली की काम झालं. एवढा जोर लावणं छोट्या माशीला जमत नाही. आता झाडावरची फुलं आणि फळं मोजून बघा, फुलांचे झुबकेच्या झुबके आणि फळं दोन-चारच, कारण बरोबर खाचेत पिशवी बसणं अवघड असतं. तीच फळं उन्हाळ्यात फुटली की म्हाताऱ्या उडतात.

हा भुंगा वाळक्या लाकडात, बांबूत भोक पाडून घर करतो, म्हणून जवळपासचं वाळलेलं खोड लगेच सरपणाला नेऊ नका आणि मावा दिसला म्हणून रुईवर फवारा तर मुळीच मारू नका, त्यात लेडीबर्डही मरते आणि अळीही. त्याच फांदीचा आज एक फोटो काढा आणि आठ दिवसांनी परत जाऊन पुन्हा काढा, अंड्याच्या जागी अळी आणि पानाला भोकं दिसली तर मला नक्की कळवा.