मराठवाड्यातला शरद बघायला निघताय? या चुका टाळा

पहिली चूक घरूनच होते. मोबाईलवर परदेशातली लाल-केशरी झाडं पाहिलेली असतात, आणि तसंच काही दिसेल म्हणून आपण निघतो. आश्विन-कार्तिकात आपली झाडं झडत नाहीत. पानगळ येते माघ-फाल्गुनात. इथला शरद बघायचा तो रानात आणि पाण्यावर. सोयाबीन काढून मोकळी झालेली काळी जमीन, मधेच ताडपत्रीखाली झाकलेली बनीम (कापलेल्या सोयाबीनची गंजी), पिवळ्या फुलांवर आलेली तूर, फुटलेला कापूस. रंग चारच, पण उन्हं कलली की डोळा हलत नाही.

ऊन मात्र सांभाळायचं. ऑक्टोबरची अकरा वाजताची उन्हं वैशाखाला लाजवतात आणि फोटोत सगळं पांढरंफटक येतं. सकाळी साडेसहाला बांधावर हवं. दिवाळीच्या आसपास थंडी पडायला लागली की गवतावर दहिवर असतं. सूर्य कासराभर वर आला की ते गेलं.

नदी निवडतानाही लोक फसतात. सगळे गोदावरीकडे धावतात. माझं मत विचाराल तर तेरणा, मांजरा, दुधना, सिंदफणा अशा लहान नद्या बघा, तेही बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला. पावसाळा सरला की कोल्हापुरी बंधाऱ्यांची दारं बसवतात, त्यामुळे वरच्या बाजूला पाणी तुंबून आरशासारखं थांबतं. खालच्या बाजूला गेलात तर नुसते दगडगोटे. दारं बसायच्या आधी गेलात तर पाणी गढूळ आणि पळतं. कधी जायचं हे त्या गावातल्या माणसालाच विचारा.

पैठणला नाथसागरावर रोहित पक्षी बघायला ऑक्टोबरात जाणारेही बरेच. त्या वेळी जलाशय बहुधा भरलेला असतो. रोहितला लागतं घोट्याएवढं पाणी आणि चिखल, आणि तो काठ पाणी ओसरल्यावरच उघडा पडतो. पुढे हिवाळ्यात जा. आणि धरणातून पाणी सोडलेलं असेल तर खाली पात्रात उतरू नका. कोरडा वाटणारा दगड बघता बघता पाण्याखाली जातो.

आता परतीचा पाऊस. रात्री सर पडून गेली, सकाळी आकाश धुतल्यासारखं निळं, म्हणून मी एकदा थेट रानात शिरलो. दहा पावलांत दोन्ही चपला काळ्या मातीनं गिळल्या. कापूस वेचणाऱ्या मावशी हसून म्हणाल्या, "वापसा तर येऊ द्यायचा की, बाबा!" माती पायाला चिकटायची थांबेपर्यंत पाणंदीनंच चालावं. कुसळी गवतातून जायचं असेल तर लोकरीचे मोजे नकोत, नाहीतर संध्याकाळ कुसळं उपटण्यात जाते.

त्याच मावशींना फोटो काढू का विचारलं, तर म्हणाल्या, "काढ की. पर मोकळ्या हातानं कशाला हुबा ऱ्हातोस, चार बोंडं येच." न विचारता कॅमेरा रोखला असता तर हे बोलणंच झालं नसतं.

कोजागरीला तर हमखास गडबड. दूध आटवण्यात रात्रीचे दहा वाजवायचे आणि मग नदीवर यायचं. तोवर चंद्र डोक्याकडे सरकून पांढरा, लहान झालेला असतो. पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळायच्या सुमारासच उगवतो. म्हणून दिवस मावळताना पूर्वेकडं तोंड करून बांधावर बसा. पाठीमागं उजेड असतानाच नुकत्या पेरलेल्या ज्वारीच्या रानावर तो भाकरीएवढा, तांबूस वर येतो. दूध मग घरी जाऊन आटवा.