गावाला जाताय? मांजर दुसऱ्याच्या हाती सोपवण्याआधी

मांजराचा जीव माणसापेक्षा जागेत जास्त अडकलेला असतो. म्हणून दिवाळीत किंवा मे महिन्यात आठ दिवस गावी जायचं असेल, तर बोर्डिंगपेक्षा घरीच ठेवून कुणाला तरी सकाळ-संध्याकाळ यायला सांगणं बहुतेक मांजरांना मानवतं. चार दिवसांचं खाणं ओतून कुलूप लावणं मात्र नको. मांजराने खाणं सोडलं तरी कुणाला कळत नाही, आणि दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही, तर यकृतात चरबी साचून जिवावर बेतू शकतं. लठ्ठ मांजरांना हा धोका जास्त.

निघण्याच्या आठवडाभर आधी सांभाळणाऱ्याला दोनदा बोलवा. पहिल्यांदा सगळं दाखवा. दुसऱ्यांदा तुम्ही खाली थांबा आणि कुलूप त्यांनाच उघडू द्या. लॅच अडकतं, डुप्लिकेट किल्ली नीट फिरत नाही, गेटवरचा वॉचमन सोडत नाही, हे सगळं तेव्हाच कळतं. मांजर निसटतं ते दारातूनच, त्यामुळे आत शिरण्याची पद्धत करून दाखवा: हातातली पिशवी आधी खाली ठेवायची, दार वीतभर उघडून जमिनीकडे पाहायचं, पाय आडवा धरून आत जायचं आणि लगेच दार लावायचं. दुसरी किल्ली शेजाऱ्यांकडे असू द्या.

खाण्याबाबत ‘एक वाटी’ असं कधीही सांगू नका. एकाची आमटीची वाटी, दुसऱ्याची चटणीची. साधारण चार किलोच्या मांजराला दिवसाला ५० ते ६० ग्रॅम कोरडं खाणं पुरतं. नेमका आकडा पाकिटावर असतो. प्रत्येक वेळचं खाणं काट्यावर मोजून छोट्या पिशवीत भरा आणि वर वार लिहा. मंगळवार संध्याकाळची पिशवी तशीच राहिली, तर लगेच दिसतं. परतीची गाडी चुकली तर म्हणून तीन दिवसांचं जादा ठेवा, तेही रोजच्याच ब्रँडचं. ऐनवेळी ब्रँड बदलला की जुलाब लागतात. मुंग्यांसाठी ताटलीत पाणी घालून त्यात वाटी ठेवा. ओलं खाणं उन्हाळ्यात तासाभराने उचलायला सांगा. पाणी दोन-तीन ठिकाणी असावं, कारण एक भांडं तर सांडणारच. दूध नको, आणि कांदा-लसणाच्या रश्श्यातलं चिकन तर अजिबात नको. ‘बिचारं एकटं आहे’ म्हणून ते हमखास दिलं जातं.

लिटर ट्रेमध्ये, म्हणजे मांजराच्या शी-शूच्या ट्रेमध्ये, लिटरचा दोन-तीन इंच थर ठेवा. इथे सांभाळणाऱ्याला एक काम आवर्जून द्या: लघवीचे गोळे मोजायचे. गोळा धरणाऱ्या लिटरमध्ये दिवसाला साधारण दोन ते चार गोळे निघतात. बोका पुन्हा पुन्हा ट्रेत बसतोय, ओरडतोय आणि गोळा एकही नाही, म्हणजे लघवी तुंबली आहे. उद्यापर्यंत थांबायचं नाही, त्याच तासाला डॉक्टर गाठायचा. गोळे कमोडमध्ये टाकू नयेत. लिटरमधली बेंटोनाइट माती फुगून पाइप तुंबतो.

घरातलं विष आधी उचला. फरशीवर पुसलेलं फिनेल मांजर पायाला लावून घेतं आणि तेच पाय चाटतं. त्या आठवड्यात कामवाल्या मावशींना नुसत्या पाण्याने पुसायला सांगा. कपाटातल्या डांबराच्या गोळ्या, बुकेमधली लिली, शिवणाचा दोरा आवरून ठेवा. बाथरूमच्या दाराला स्टॉपर लावा, नाहीतर वाऱ्याने दार आपटून मांजर दिवसभर आत कोंडलं जातं. बाल्कनीच्या जाळीचे कोपरे हाताने ओढून पाहा; दोरी सुटते ती तिथेच. दिवाळी असेल तर सगळ्यात आतल्या खोलीत, खिडकीपासून लांब, कॅरियर (मांजर न्यायची पेटी) उघडा ठेवा आणि त्यात तुमचा न धुतलेला टी-शर्ट टाका.

फ्रिजवर एक कागद लावा. डॉक्टरांचा नंबर, रात्री उघडं असणारं इस्पितळ, ट्रायकॅट आणि रेबीजच्या लशींच्या तारखा, मांजराच्या लपण्याच्या जागा, आणि न विचारता किती रुपयांपर्यंत उपचार करावेत तो आकडा. शेवटची ओळ लोक संकोचाने गाळतात. मग तुमचा फोन लागेना, की सांभाळणारा नुसता दवाखान्यात बसून राहतो. कॅरियर कुठे आहे तेही लिहा. माणसांची पॅरासिटामॉल मांजराला मारते, हे मोठ्या अक्षरांत.

मांजर दिसलंच नाही, तर मुख्य दार लावून घेऊन खाण्याचं पाकीट खुळखुळवायचं आणि कागदावरच्या जागा एकेक पाहायच्या, वॉशिंग मशीनसुद्धा. निघताना तुम्हीही मांजर डोळ्यांनी पाहूनच कुलूप लावा. बॅगा उतरवायला दार उघडं असतं, तेव्हा ते जिन्यात जाऊन बसलेलं असू शकतं.