ताओ वाचायचा तर अकराव्यापासून

'ताओ ते चिंग' हे ताओ, म्हणजे 'मार्ग', याविषयीचं प्राचीन चिनी पुस्तक. ते पहिल्या अध्यायापासून वाचायला घेऊ नका. सांगता येतो तो खरा ताओ नव्हे, अशीच तिथे सुरुवात आहे. आमच्या धरमपेठेतल्या वाचनकट्ट्यावर मंडळी त्यावर तासभर भांडतात आणि पुढच्या रविवारी फिरकत नाहीत. अध्याय 81 आहेत, बहुतेक पानभराचेही नाहीत. आधी अकरावा काढा: चाकाला तीस आरे, पण चाक चालतं ते मधल्या पोकळीमुळे. दीक्षाभूमीच्या गावात लगेच कुणीतरी बौद्धांची 'शून्यता' म्हणणारच. म्हणू द्या, फक्त बौद्ध धम्म चीनमध्ये पोचण्याच्या आधीचं हे लिखाण आहे, एवढं सांगून ठेवा. मग आठवा घ्या, पाण्याचा: सगळ्यांना उपयोगी, तरी सखल जागी जाऊन राहणारं.

हे पुस्तक ज्याच्या नावावर आहे त्या लाओत्सेची गोष्ट जरूर सांगा. चीनच्या झोऊ राजघराण्याच्या दरबाराचा हा ग्रंथपाल राज्याच्या पडझडीला कंटाळून निघाला, नाक्यावरच्या अधिकाऱ्याने त्याच्याकडून पुस्तक लिहून घेतलं. पण ती सांगतो इतिहासकार स्सुमा छिएन, इ.स.पू. 100 च्या सुमारास, आणि त्यालाही लाओत्से नक्की कोण याची खात्री नव्हती. 1973 मध्ये चीनमधल्या मावांगदुईला इ.स.पू. 168 च्या थडग्यात पुस्तकाच्या रेशमी प्रती सापडल्या. त्यांत उत्तरार्धच आधी आहे, तेव्हा मधून सुरुवात केल्याचं पाप नाही.

'वू वेइ'पाशी, म्हणजे 'न करणं' या कल्पनेपाशी, गाडी अडते. "काहून बाप्पा, मंग कामच करू नये का?" हा प्रश्न ठरलेला. व्याख्या देत बसू नका, च्वांगत्से या दुसऱ्या ताओवादी विचारवंताचा खाटीक वाचा. त्याची सुरी 19 वर्षं वापरात, हजारो बैल कापलेले, तरी धार नव्यासारखी. कारण तो हाडांवर घाव घालत नाही, सांध्यांमधल्या फटींतून पातं नेतो. अवघड जागी मात्र हात सावकाश, नजर तिथेच. यात आळस कुठे आहे ते मंडळींनाच शोधू द्या. हां, पोळ्याच्या आठवड्यात ही गोष्ट नको. तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल सजवून आलेल्यांपुढे ती वाचवत नाही.

ताओवादाची देवळं, पुरोहित, दीर्घायुष्याचे प्रयोग यांना वेगळा रविवार ठेवा. हा ताओ धर्मपंथ इ.स. 142 मध्ये सिचुआनात झांग दाओलिंगपासून सुरू झाल्याचं मानतात. अनुयायांकडून पाच मापं तांदूळ घेत, म्हणून पंथाला नावही 'पाच मापं तांदूळ' असंच पडलं.