मान दुखतेय? मग या चुका टाळा

सकाळी उठलं आणि मान एका बाजूला वळेचना की आपल्याकडे लगेच कोणीतरी म्हणतं, "मणक्यात गॅप आला असेल, एक्स-रे काढ." पण चाळिशी-पन्नाशीनंतर मणक्यांची थोडीफार झीज बऱ्याच जणांच्या एक्स-रेत दिसते, ज्यांची मान कधी दुखलीच नाही त्यांच्यासुद्धा. त्यामुळे रिपोर्टवर स्पॉन्डिलोसिस (म्हणजे हीच मणक्यांची झीज) वाचून हातपाय गाळू नका. बऱ्याचदा दुखत असतात ते तासन्‌तास एकाच पोझिशनमध्ये अवघडलेले स्नायू.

मानेत ७ मणके, त्यांच्यावर साधारण ५ किलोचं डोकं. सरळ बसलं तर ते नीट तोललेलं असतं, खाली वाकलं की मागच्या स्नायूंना ते सतत ओढून धरावं लागतं आणि ताण कितीतरी पटीने वाढतो. माझं तेच झालं. हिंजवडीच्या बसमध्ये दीड तास मान खाली घालून मोबाईल, मग ऑफिसात लॅपटॉप, घरी येऊन पलंगावर परत लॅपटॉप, आणि मी दोष देत बसले खुर्चीला! नवीन महागडी खुर्ची घेतली तरी दुखणं तसंच, कारण स्क्रीन खालीच होती ना. शेवटी फिजिओथेरपिस्टनी लॅपटॉपखाली जाड पुस्तकं ठेवायला लावली, कीबोर्ड-माऊस वेगळा, आणि दर अर्ध्या तासाने उठायचं. या उठण्यानेच मला सगळ्यात जास्त फरक पडला.

टू-व्हीलरवर खांदा आणि कानात फोन दाबून बोलू नका, मानेसाठीही नको आणि जिवासाठीही नको. आणि मान दुखते म्हणून हेल्मेट काढून ठेवणं तर अजिबात नको, पुण्यात हे कारण फार ऐकू येतं. मापाचं, हलकं, आयएसआय मार्कवालं घ्या आणि चालवताना खांदे वर उचलून धरताय का ते बघा.

पालथं झोपणं, दोन-दोन उशा घेणं, हेही बंद करा.

सलूनमध्ये कटिंगनंतर मान कडकन मोडून घेता? प्लीज नका घेऊ. अशा झटक्याने मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याच्या केसेस आहेत, क्वचित होतं पण होतं. मेडिकलमधून कॉलर आणून आठवडेच्या आठवडे घालणंही चूकच, स्नायू अजून कमजोर होतात. साध्या दुखण्यात शेक घ्या आणि सोसेल तेवढी मान हळूहळू हलवत राहा.

मात्र दुखणं हातात उतरलं, बोटांना मुंग्या येतायत, हातातून कप निसटतोय, तर डॉक्टरांना दाखवा. चालताना तोल जात असेल, लघवीवरचा ताबा सुटत असेल, तापात मान ताठ झाली असेल, पडल्यावर किंवा अपघातानंतर दुखायला लागलं असेल, किंवा मानेसोबत छातीत दुखून घाम फुटत असेल, तर लगेच, रात्र असली तरी थेट हॉस्पिटल गाठा.